फळ्यावरची एक चूक आणि कोरियन शाळेतले मानपान

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. दक्षिण कोरियातल्या ग्योंगसांगबुक प्रांतात एका मिडल स्कूलमध्ये तुम्ही ऑगस्टअखेर इंग्रजीच्या सहाय्यक शिक्षिका म्हणून रुजू झालात. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या आठवीच्या वर्गात तुमच्या कोरियन सहशिक्षिकेनं फळ्यावर एक वाक्य चुकीचं लिहिलं. तुम्ही ते तिथल्या तिथे, हसत हसत, मुलांसमोर दुरुस्त केलं. तेव्हापासून ती तुमच्याशी कामापुरतंच बोलते, तास बदलल्याचं तुम्हाला आयत्या वेळी कळतं आणि जेवताना ती दुसऱ्या टेबलावर बसते. शेजारची एक कंत्राटी शिक्षिका मात्र रोज तुमच्याजवळ मन मोकळं करते आणि 'ती सगळ्यांशी अशीच वागते' असं तिनं तुम्हाला सांगितलंय. आता हिवाळी सुट्टी चालू आहे. उपमुख्याध्यापकांना पत्र लिहावं की शिक्षण कार्यालयातल्या समन्वयकाला कळवावं, असं तुम्ही विचारताय.

सध्या यातलं काहीच करू नका. का ते सविस्तर सांगते, कारण या नात्यातला मुख्य धागा तुमच्या प्रश्नात कुठेच आलेला नाही. त्या शाळेत तुम्ही तुमच्या सहशिक्षिकेच्या कामाच्या यादीतली एक ओळ आहात.

मी अकरा वर्षं कोरियन सरकारी शाळांमध्ये शिकवलं. आधी डोंगरातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत, नंतर दोन मिडल स्कूलमध्ये. शेवटची काही वर्षं नव्यानं येणाऱ्या सहाय्यक शिक्षकांना मार्गदर्शन करण्यात गेली. तुमच्यासारखी तक्रार मी त्या काळात इतक्यांदा ऐकली आहे की माणसं बदलली तरी महिना बदलत नाही, हे आता पाठ झालंय. ऑक्टोबरमध्ये काहीतरी बिनसतं, जानेवारीत त्याचं पत्र होतं.

तिथे फेब्रुवारीत प्रत्येक शाळेत कामाचं वाटप होतं. त्याला ओम्मु-बुन्जांग म्हणतात. कोण कुठल्या वर्गाचा वर्गशिक्षक, परीक्षा कोणाकडे, वेळापत्रक कोणाकडे, मुलांमधल्या मारामाऱ्या आणि छळाच्या तक्रारी कोणाकडे, हे सगळं एका तक्त्यावर येतं आणि 2 मार्चला नवं वर्ष सुरू होतं. सरकारी शाळेतल्या शिक्षकांची साधारण चार-पाच वर्षांनी दुसऱ्या शाळेत बदली होते. त्यामुळे दर मार्चला खोलीतले बरेच चेहरे नवे असतात, आणि जुन्यांनी नको म्हटलेली कामं बहुतेक वेळा या नव्यांच्या किंवा वयानं लहान असलेल्यांच्या वाट्याला येतात. मिडल स्कूलच्या दुसऱ्या वर्षाचं वर्गशिक्षकपद हे असंच कोणाला नको असलेलं काम. त्या वयातल्या मुलांच्या वागण्याला कोरियन लोक सरळ 'दुसरीचा आजार' म्हणतात. त्याच तक्त्यावर आणखी एक ओळ असते, परदेशी सहाय्यक शिक्षकाची व्यवस्था. ती ओळ इंग्रजी विभागात ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या नावापुढे लागते.

आता ऑगस्टचा शेवटचा आठवडा आठवून बघा. तुम्हाला घ्यायला कोण आलं होतं? परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, बँकेचं खातं, घराचा करार, गॅसची जोडणी, फोन या सगळ्यासाठी सोबत कोण फिरलं? तुमचा गीझर बंद पडला तेव्हा घरमालकाला कोणी फोन लावला? त्याच आठवड्यात तिचं दुसरं सत्र सुरू झालेलं असणार. या कामाबद्दल तिचे तास कमी होत नाहीत. तुमच्या करारात बहुधा आठवड्याला बावीस तास लिहिलेले असतील आणि त्यावर एक जरी तास पडला तर तुम्हाला वेगळे पैसे मिळतात. तुमच्यापायी तिचे जे तास जातात त्यांची नोंद कुठेच होत नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी तिची गत असते. आणि हे ती तुम्हाला कधीही बोलून दाखवणार नाही.

म्हणून मला वाटतं, फळ्यावरची चूक हे तुमच्यातल्या दुराव्याचं निम्मंच कारण असावं. पण ते निम्मंही लहान नाही.

सरकारी शाळेत कायम शिक्षक होण्यासाठी कोरियात इम्योंग गोशी नावाची परीक्षा असते. वर्षातून एकदाच. लेखी नोव्हेंबरमध्ये, त्यातून निवडलेल्यांचा दुसरा टप्पा जानेवारीत, ज्यात प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवावा लागतो आणि मुलाखत असते. एका खेपेत निघणारे भाग्यवान. बाकीच्यांची दोन, तीन, चार वर्षं सोलमधल्या नोर्यांगजिनसारख्या भागात जातात, जिथे क्लासेस आणि खाटेएवढ्या भाड्याच्या खोल्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. आपल्याकडे स्पर्धापरीक्षेसाठी पुण्याच्या पेठांमध्ये राहणारी मुलं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. या वाटेनं आलेली बाई वर्गात उभी आहे. इंग्रजी ही तिनं इतक्या कष्टानं मिळवलेली भाषा, आणि तिच्या नावापुढे शिक्षिका लागतं ते या भाषेमुळेच. ती परीक्षा न देता आलेली तिची सहाय्यक चौदा वर्षांच्या तीस मुलांसमोर तिचं वाक्य खोडते. आपल्याकडे याला पाणउतारा म्हणतात. कोरियन भाषेत माणसाच्या चारचौघांतल्या प्रतिष्ठेला चेम्योन असा शब्द आहे. तुम्ही हसत होतात म्हणून मुलंही हसली असतील. ते हसू तिच्या लेखी त्या तासापुरतं नव्हतं.

त्यात 2023 नंतरचा काळ. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सोलच्या सोचो भागातल्या एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवणारी एक तरुण शिक्षिका शाळेतच मृतावस्थेत आढळली. पालकांच्या तक्रारींचा ताण हा विषय त्यानंतर देशभर पेटला. शिक्षक संपूर्ण उन्हाळाभर शनिवारी काळे कपडे घालून रस्त्यावर उतरले. 4 सप्टेंबरला हजारोंनी रजा टाकून शाळा थांबवल्या आणि 21 सप्टेंबरला संसदेनं शिक्षकांच्या हक्कांचे चार कायदे दुरुस्त केले. मी तेव्हा तिथेच होते. सकाळी शिक्षक-खोलीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं, फोन वाजला की दहा माना वर व्हायच्या. कायदे बदलले तरी ती मान वर करण्याची सवय गेलेली नाही. 'आमच्या बाईंना इंग्रजी येत नाही' असं एखादं पोर घरी जाऊन बोललं तर संध्याकाळी फोन येऊ शकतो, आणि तो घ्यायचा कोणी, तर तिनंच. तुम्ही फळ्यावर एक अक्षर बदललं तेव्हा तिच्या डोक्यात हेही आलं असेल.

दुरुस्तीकडे येते. माफी मागायची आहे, पण कशी मागता यावर सगळं अवलंबून आहे. शाळेच्या संगणकावर सगळे जे कूल मेसेंजर वापरतात त्यावर नको. पत्र नको. भेटवस्तू देऊन तर अजिबात नको, कारण वस्तू घेतली की तिला परतफेडीची चिंता लागते. सुट्टीत तिला भेटायलाही बोलावू नका. तिथल्या शैक्षणिक अधिकारी कायद्याच्या 41व्या कलमानुसार कायम शिक्षक सुट्टीत शाळेबाहेर, म्हणजे बहुधा घरून, स्वतःचा अभ्यास करू शकतात. तुम्हाला मात्र करारातल्या रजेपलीकडचे दिवस रिकाम्या शाळेत बसून काढावे लागतात. त्याबद्दल चुकूनही कुरकुर करू नका. तिच्या बाजूनं पाहिलं तर वर्षातले हेच थोडे दिवस असे असतात जेव्हा तुमची जबाबदारी तिच्यावर नसते.

सोल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं. त्या दिवशी एक ओळीचा संदेश पाठवा: सेहे बोक मानी बादुसेयो. नव्या वर्षात भरपूर भाग्य लाभो. सगळे सगळ्यांना पाठवतात, त्यामुळे त्यात अवघडलेपण नाही. खाली दुसरं काही लिहू नका, फोटोही नको.

मग फेब्रुवारीच्या शेवटी शिक्षक नव्या वर्षाच्या तयारीसाठी शाळेत येतील तेव्हा ती एकटी असण्याची वेळ बघा. कॉफीचं यंत्र, छपाईची खोली, गाडीपर्यंतचा रस्ता, कुठेही चालेल. फक्त ग्योमुशिलमध्ये, म्हणजे शिक्षक-खोलीत नको. तिथे ग्योगामांचं, उपमुख्याध्यापकांचं टेबल अशा जागी असतं की त्यांना सगळी खोली दिसते आणि खोलीला ते दिसतात. एकच वाक्य बोला. मी ते कोरियनमध्येच पाठ करून घ्या म्हणेन: गुत्ते चेगा सेंगागी च्चालबास्सुम्निदा. शब्दशः अर्थ असा, की तेव्हा माझा विचार तोकडा पडला. कोरियन माणसं मनापासून चूक कबूल करताना हेच बोलतात आणि मराठीतही ते जसंच्या तसं बसतं, म्हणून मला ते फार आवडतं. पुढे 'पण' लावू नका. आमच्याकडे असं चालतं, मला वाटलं मुलांना मदत होईल, हे काही नको. ती म्हणेल, आनियेयो, ग्वेन्चानायो, छे, काही नाही. तिथे थांबायचं. तुमचा जीव हलका व्हावा म्हणून तिच्याकडून खुलासा मागायचा नाही. ती लगेच पूर्वीसारखी बोलू लागेल अशी अपेक्षाही नको. साधारण महिन्याभरानं ती तुम्हाला एखादी क्षुल्लक गोष्ट विचारेल, या शब्दाचा उच्चार काय किंवा जेवायला येताय का. तेच उत्तर समजा.

इथून पुढे फळ्यावर चूक दिसली तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा. मी एक पद्धत वापरायचे. तासात काही बोलायचं नाही. पुढच्या सरावात तेच वाक्य बरोबर रूपात मुलांकडून म्हणून घ्यायचं. ती बाई हुशार असते, तिला कळतं, आणि बहुतेक वेळा ती स्वतःच नंतर फळा पुसून नीट लिहिते. चूक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत असेल तर मात्र गप्प बसू नका, कारण तिथे एका गुणावरून पालकांची हरकत येते आणि सगळा विभाग अडचणीत सापडतो. अशा वेळी छपाईच्या आधी, एकांतात, विचारल्यासारखं बोला: हे दोन्ही चालतं का, मला खात्री करून घ्यायची आहे. मी असं विचारलं म्हणून कोणी दुखावल्याचं मला आठवत नाही.

जिथे मी स्वतः चुकले ती जागाही सांगते, कारण ती तुमच्या प्रश्नात नाही आणि तिथे जवळजवळ सगळे फसतात. माझ्या दुसऱ्या शाळेत इंग्रजीच्या दोन सहशिक्षिका होत्या. एक पन्नाशीची, दुसरी नोकरीच्या दुसऱ्या वर्षात. शाळेच्या सामूहिक जेवणात, म्हणजे ह्वेशिकमध्ये, मुख्याध्यापकांनी मला तास कसे चाललेत म्हणून विचारलं. मी आनंदानं धाकटीचं तोंडभरून कौतुक केलं. तिची तयारी किती छान असते, मुलं तिच्या तासाची वाट बघतात. टेबलावर कोणीतरी लगेच पाण्याचा विषय काढला आणि बोलणं दुसरीकडे वळलं. आठवडाभरानं त्या धाकटीनं मला गाठलं आणि डोळ्यांत पाणी आणून विनंती केली की माझं नाव पुन्हा असं घेऊ नका. थोरलीनं तिला एका शब्दानंही बोल लावला नव्हता. फक्त विभागाची तीन जास्तीची कामं तिच्याकडे सरकली होती, तुला छान जमतं म्हणून. टीका चारचौघांत करू नये हे आपल्याला ठाऊक असतं. कौतुकही चारचौघांत, आणि तेही ज्येष्ठाला वगळून करू नये, हे मला त्या मुलीनं शिकवलं. तेव्हापासून मी विभागाचं मिळून कौतुक करते आणि त्यात आधी नाव घेते बुजांगांचं, म्हणजे विभागप्रमुखाचं.

या सगळ्याला तिथे नुन्ची म्हणतात. परदेशी शिक्षक त्याचं फार गूढ करून ठेवतात. वाऱ्याचा रोख ओळखून बोलणं, एवढंच ते आहे, आणि सासुरवाडीला चार दिवस राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ते येतं. आपल्याला अडचण होते ती दुसरीकडे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. समोरच्याला धरलंय की वगळलंय हे शब्दच सांगतो. कोरियनमध्ये 'उरी' दोन्हीसाठी चालतो. उरी हाक्क्यो, आपली शाळा किंवा आमची शाळा. उद्या 'उरी' जेवायला जाणार, यात तुम्ही आहात की नाही? माणसं बघून ओळखावं लागतं. एक खूण मात्र पक्की: कोणी नम्रपणे 'चोही' म्हणालं की ऐकणारा त्यात नसतो. मी हे शिकले तेव्हा अनेक जुन्या प्रसंगांचा अर्थ लागला. मला कोणी टाळत नव्हतं. मला मोजलंय हे मलाच कळलेलं नव्हतं.

तास बदलल्याचं आयत्या वेळी कळतं, ही तुमची तक्रार मी सहशिक्षिकेच्या खात्यात मांडणार नाही. बदल मेसेंजरवर कोरियनमध्ये, सगळ्यांना एकदम जातो. तो वाचून, तुमच्यापुरता वेगळा काढून, इंग्रजीत करून पाठवणं हे तिचं आणखी एक फुकटचं काम झालं होतं, आणि ऑक्टोबरनंतर तिनं बहुधा ते सोडलं. तुम्ही तिला त्यातून मोकळं करा. शिगानप्यो म्हणजे वेळापत्रक आणि ब्योनग्योंग म्हणजे बदल, हे दोन शब्द कोरियन लिपीत डोळ्यांना ओळखू यायला हवेत. ती लिपी आठवड्यात येते. वेळापत्रक सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे स्वतः जा आणि संदेशांत तुमचं नाव घालायची विनंती करा. रोज सकाळी पहिलं काम म्हणून संदेश पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून वाचा. पुढच्या वेळी तिच्याआधी तुम्हीच तिला सांगाल की गुरुवारचा चौथा तास पहिल्यावर गेलाय, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या.

आता शेजारच्या कंत्राटी शिक्षिकेबद्दल, आणि इथे मला जरा थांबून बोलायचंय. अशा शिक्षकांना गीगानजे म्हणतात, ठरावीक मुदतीचे. वर्गात त्यांचं काम कायम शिक्षकांसारखंच असतं, अनेकदा जड वर्ग त्यांच्याच गळ्यात येतात, आणि पुढच्या वर्षी नोकरी राहील का हे फेब्रुवारीपर्यंत ठाऊक नसतं. ही दरी किती खोल आहे याचं उदाहरण सगळा कोरिया जाणतो. 16 एप्रिल 2014 रोजी सेवोल जहाज बुडालं आणि आन्सानच्या दानवोन हायस्कूलची अडीचशे मुलं गेली. मुलांना वाचवताना गेलेल्या शिक्षकांत दोन गीगानजे शिक्षिका होत्या. कर्तव्यावर असताना आलेला मृत्यू ही मान्यता त्या दोघींना कंत्राटी म्हणून नाकारली गेली. ती मिळायला 2017 उजाडावं लागलं. मेल्यावरसुद्धा कायम आणि कंत्राटी हा फरक राहिला, हे त्या खोलीतला प्रत्येक गीगानजे शिक्षक मनात घेऊन बसलेला असतो.

म्हणून ती तुमच्याजवळ बोलते तेव्हा तिचं दुःख खरं आहे असंच धरा. तुम्ही खोलीतल्या कुठल्याच गटाच्या नाही, म्हणून ती तुम्हाला निवडते. ऐका. हिमदुशिगेस्सोयो म्हणा, तुम्हाला जड जात असेल. पण सहशिक्षिकेबद्दल तिनं काढलेल्या शब्दावर हो म्हणू नका आणि मान डोलावूही नका. तुमचं 'हो' फिरत फिरत त्या टेबलापर्यंत गेलं तर तुम्हाला फार काही होणार नाही. तिची मुदतवाढ मात्र जाऊ शकते. आणि तिनं सांगितलेलं काहीही तुमच्या पत्रात पुरावा म्हणून वापरायचा विचार असेल, तर तो आजच सोडा. हे मी विनवून सांगते.

आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्या नसतात, त्या भरभर सांगते. वार्षिक कामगिरी-भत्त्याची श्रेणी, एस, ए की बी, कोणालाही विचारू नका. शेजारी बसणारी माणसं त्यावरून वर्षभर मनात अढी धरतात. संघटनेबद्दलही नको. जोनग्योजो ही शिक्षक संघटना 1989 मध्ये उभी राहिली तेव्हा सुमारे दीड हजार शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. 1999 मध्ये तिला कायद्यानं मान्यता मिळाली, 2013 मध्ये सरकारनं तिचा कायदेशीर दर्जा काढला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. पन्नाशीच्या शिक्षकांपैकी कोण तेव्हा कुठल्या बाजूला उभं होतं, हे त्या खोलीला माहीत असतं, तुम्हाला नसतं. आणि हेंगजोंगशिल, म्हणजे शाळेचं कार्यालय, ही शिक्षकांपासून वेगळी दुनिया आहे. तुमचा पगार आणि घरभाडं तिथून येतं. रोज सकाळी तिथे मान लववून नमस्कार करा, आणि शिक्षकांची गाऱ्हाणी तिकडे किंवा तिकडची इकडे नेऊ नका.

ह्वेशिकबद्दल अनेक मराठी मुली विचारतात, विशेषतः शाकाहारी. नाही म्हणायची जागा टेबलावर नसते. निखाऱ्यावर मांस चढलं, ग्योगामांनी स्वतः कापून तुमच्या ताटलीत ठेवलं आणि मग तुम्ही नको म्हणालात, की ते अवघडतात आणि ज्यानं हॉटेल ठरवलं त्याचा कमीपणा होतो. शिक्षकांचं एक स्नेहमंडळ असतं, चिन्मोख्वे. दर महिन्याला वर्गणी घेऊन ते जेवणं, लग्नं, अंत्यविधी सांभाळतं. त्याच्या सचिवाला चार दिवस आधी सांगा. तो बिनमांसाचं बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मिळेल असं ठिकाण बघेल किंवा तुमच्यासाठी आधीच फोन करेल. साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो, तेवढं लक्षात ठेवा. दारू घ्यायलाच हवी असं आता राहिलेलं नाही. पेल्यात सरबत घेऊन दोन्ही हातांनी पुढे केलात तरी मान ठेवला जातो. पहिला तास बसा, मग सांगून निघा. वर्गणी भरा, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर पांढऱ्या पाकिटात पन्नास हजार वोन घालून जा. तेवढ्यानं तुमची गणना 'उरी'मध्ये होते.

पत्राबद्दल शेवटचं. तुम्ही ग्योगामांना लिहिलंत तर ते तुम्हाला बोलावणार नाहीत, तिला बोलावतील. कागदावर तुमची व्यवस्था तिचं काम आहे, म्हणजे तुमची नाराजी हे तिचं अपयश ठरेल. कोरियात शिक्षकाच्या बढतीसाठीच्या मूल्यमापनात ग्योगाम आणि मुख्याध्यापक गुण देतात. शिक्षण कार्यालयाला लिहिलंत तर तेच पत्र वरून खाली येऊन सगळ्या शाळेचा मान जाईल. बोलेनाशी झाली आणि जेवायला वेगळी बसते, एवढ्यासाठी हे फार मोठं शस्त्र आहे.

पण मानपान सांभाळणं वेगळं आणि अन्याय गिळणं वेगळं. पगार अडवला, कराराबाहेर काम लादलं, कोणी अंगचटीला आलं, ह्वेशिकमध्ये घाणेरडं बोललं, रंगावरून किंवा देशावरून हिणवलं, तर नुन्ची बाजूला ठेवा. 16 जुलै 2019 पासून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या तरतुदी तिथल्या कामगार कायद्यात आहेत आणि त्या तुम्हालाही लागू होतात. तारीख, वेळ, शब्द त्याच रात्री लिहून ठेवा. कामगार मंत्रालयाचा मदत क्रमांक 1350, मानवी हक्क आयोगाचा 1331, परदेशी नागरिकांसाठी 1345. समन्वयकाकडे जाण्याची वेळ तेव्हा असते, आणि तेव्हा मागेपुढे बघू नका. तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नात यातलं काही नाही, म्हणून मी धीरानं घ्या म्हणतेय. असेल आणि तुम्ही लिहिलं नसेल, तर वरचं सगळं सोडा आणि आधी त्यासाठी फोन करा.

फेब्रुवारीत बदल्यांची यादी लागेल. तिचं नाव त्यात नसेल, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ती इतर सगळ्या कामांत बुडण्याआधी, तिला एवढंच विचारा की तासात मी कुठे बोलावं आणि कुठे थांबावं, तुम्हाला कसं सोयीचं आहे. विचारून झालं की तिनं सांगितलं तसं पुढचे तीन महिने वागा.

नाव असेल, तर तिचा त्या शाळेतला शेवटचा दिवस चुकवू नका. तोकडा पडलेल्या विचाराचं ते वाक्य त्याआधी बोलून घ्या. कोरियात एक जुनी पद्धत आहे. बदलून गेलेल्या शिक्षकाच्या नव्या शाळेत जुने सहकारी त्तोक, म्हणजे तांदळाच्या मऊ वड्या, पाठवतात. त्या नव्या ग्योमुशिलमध्ये वाटल्या जातात आणि तिथली माणसं म्हणतात, हिच्यामागे माणसं आहेत. अलीकडे काही जणांना ही पद्धत ओझं वाटते, त्यामुळे तुमच्या विभागात यंदा पाठवणार आहेत का ते आधी बुजांगांना विचारा. पाठवणार असतील तर तुमचा वाटा द्या आणि खोक्यावरच्या चिठ्ठीत सगळ्यांच्या नावांखाली, बारीक अक्षरात, तुमचंही नाव कोरियन लिपीत स्वतःच्या हातानं लिहा.